भात, पू आणि दुर्बिणीचं ऑपरेशन

आपल्या हॉस्टेलमध्ये दर वर्षी एखाद्याचं तरी अपेंडिक्स निघतं. रात्री पोटात कळ, वॉर्डनची धावपळ, आणि चार दिवसांनी तो मित्र परत येऊन शर्ट वर करून सगळ्यांना तीन छोट्या पट्ट्या दाखवतो. पूर्वीसारखा वीतभर चिरा नाही, दहा दिवस खाटेवर पडून राहणं नाही. लॅप्रोस्कोपी, म्हणजे आपल्याकडे सगळे म्हणतात ते 'दुर्बिणीचं ऑपरेशन', आता इतकं सरावाचं झालंय की त्यात काही बिघडू शकतं हे आपल्या मनातही येत नाही.

बहुतेक वेळा बिघडतही नाही. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनपेक्षा दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये जखमेत पू होण्याचं प्रमाण कमीच असतं. पण जेव्हा बिघडतं, तेव्हा कधी कधी ते अशा पद्धतीने बिघडतं की पेशंट, घरचे आणि काही वेळा डॉक्टरसुद्धा चुकीच्या दिशेला शोधत राहतात. हा लेख त्याबद्दल आहे. मी मेडिकलची नाही, मेकॅनिकलची विद्यार्थिनी आहे. पण या विषयाचा निम्मा भाग आपल्याच सिलॅबसमधला आहे, हे वाचताना तुमच्या लक्षात येईल.

हिर्डोशीतला भात

माझं आजोळ हिर्डोशी. भोरहून वरंध घाटाकडे जाणारा रस्ता नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेने जातो, त्या रस्त्यावरचं हे गाव. पाऊस धो धो, आणि पीक भाताचं. दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात माझ्या मामीच्या पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन शहरातल्या एका दवाखान्यात दुर्बिणीतून झालं. तिसऱ्या दिवशी ती घरी आली. आठवड्याने टाके काढले. चारही जखमा सुकल्या आणि घरातले सगळे निश्चिंत झाले.

मे महिन्याच्या सुरुवातीला बेंबीजवळची जखम, जी पूर्ण भरून आली होती, तीच पुन्हा वर आली. आधी हरभऱ्याएवढी गाठ, मग तिला बारीक तोंड पडलं आणि त्यातून पाण्यासारखा पातळ स्राव यायला लागला. ताप नाही, फार ठणका नाही. नुसतं सारखं ओलं. अँटिबायोटिकचा एक कोर्स झाला, दुसरा झाला. चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी पदर परत ओला.

आजीचं निदान तयार होतं. "ऑपरेशन झालेल्या बाईनं भात खायचा नसतो. भातानं पू धरतो." शेजारच्या काकूंनी वांग्याला दोष दिला. तिसरीने सांगितलं, आंबट खाल्लं असेल. मामीने भात, डाळ, दही सगळं बंद केलं. भाताच्या गावात राहून भात बंद! नाचणीची भाकरी आणि चटणी यावर तिने दोन महिने काढले आणि सहा किलोने उतरली. पुढे लावणी आली. आमच्याकडे लावणी सावडीने होते, आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. ओली जखम घेऊन चिखलात उतरता येईना, म्हणून मामाने मजुरी देऊन माणसं लावली. पैशाचं दुखणं वेगळंच. पण मामी सारखं एकच म्हणायची, "माझंच चुकलं गं, मी लवकर भात खाल्ला." मला सगळ्यात जास्त त्रास या वाक्याचा झाला.

कारण तिचं काहीही चुकलं नव्हतं. ते कसं, हे समजून घ्यायला आधी ऑपरेशन समजून घेऊ.

चार भोकं आणि एक लांब नळी

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात सुईने कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. दाब पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटर इतकाच, पण तेवढ्याने पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते आणि आत काम करायला जागा होते. मग ५ किंवा १० मिलिमीटर व्यासाच्या नळ्या भिंतीतून आत घालतात. या नळ्यांना ट्रोकार म्हणतात आणि त्या भोकांना पोर्ट. एका पोर्टमधून कॅमेऱ्याची दुर्बीण जाते, बाकीच्यांतून लांब दांड्याचे चिमटे, कात्र्या, हुक. पित्ताशयासाठी साधारण चार पोर्ट लागतात. शेवटी कापलेलं पित्ताशय यातल्याच एका पोर्टमधून, बहुधा बेंबीजवळच्या किंवा छातीच्या हाडाखालच्या, ओढून बाहेर काढतात.

या तंत्रात आपल्या जातभाईंचाही वाटा आहे. अपेंडिक्स दुर्बिणीतून काढण्याचं पहिलं ऑपरेशन १९८० साली जर्मनीतल्या कील शहरात कुर्ट झेम यांनी केलं. हे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर होण्याआधी हत्यारं बनवण्याचं काम शिकले होते. पोटात वायू भरणारं स्वयंचलित यंत्र त्यांनीच विकसित केलं. दुर्बिणीच्या आतली काचदंडांची रचना हॅरल्ड हॉपकिन्स या भौतिकशास्त्रज्ञाची. पित्ताशय दुर्बिणीतून काढण्याचं पहिलं ऑपरेशन १९८५ साली जर्मनीतच एरिक म्यूहे यांनी केलं. आणि भारतातलं पहिलं? ते १९९० साली आपल्या मुंबईत, जे. जे. हॉस्पिटलमध्ये झालं. करणारे होते डॉ. तेहमटन उदवाडिया. ते १९७२ पासूनच जे. जे.मध्ये निदानासाठी दुर्बीण वापरत होते. महागड्या तपासण्या परवडत नाहीत अशा गरीब पेशंटला याचा फायदा जास्त, असं त्यांचं म्हणणं असे. २०२३ साली त्यांचं निधन झालं. आज तालुक्याच्या गावातही हे ऑपरेशन होतं, त्यामागे त्यांच्यासारख्यांची मेहनत आहे.

पण तंत्र जितक्या वेगाने पसरलं, तितक्या वेगाने एक गोष्ट सगळीकडे पोचली नाही. ती म्हणजे ही हत्यारं स्वच्छ करायची पद्धत. साधी कात्री धुणं सोपं. पण ३०-३५ सेंटिमीटर लांब, आतून पोकळ, टोकाला बारीक सांधे आणि वर इन्सुलेशन असलेलं हत्यार धुणं म्हणजे स्ट्रॉ आतून घासण्यासारखं आहे. जखम छोटी असते, पण तिच्यातून जाणारं हत्यार गुंतागुंतीचं असतं.

पू दोन प्रकारचा

जखमेचं इन्फेक्शन ढोबळमानाने दोन प्रकारचं असतं, आणि हा फरक प्रत्येक घरात माहीत हवा.

पहिला प्रकार लवकर येणारा. ऑपरेशननंतर साधारण पहिल्या आठवडाभरात जखम लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते, पिवळा दाट पू येतो, कधी तापही येतो. हे काम बहुधा आपल्याच त्वचेवर राहणाऱ्या स्टॅफिलोकॉकससारख्या जंतूंचं, किंवा पित्ताशय-आतड्यातल्या जंतूंचं. उपचारही सरळ असतो. डॉक्टर एखादा टाका उघडून पूला वाट करून देतात, जखम धुतात, रोज ड्रेसिंग करतात. आजूबाजूची त्वचा लाल झाली असेल किंवा ताप असेल तर अँटिबायोटिक देतात. नुसत्या गोळ्या देऊन आत पू तसाच ठेवला तर उपयोग होत नाही. पूला वाट देणं हाच मुख्य उपचार.

दुसरा प्रकार उशिरा येणारा. जखम व्यवस्थित भरते, टाके निघतात, आणि तीन-चार आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी, पोर्टच्या जागी गाठ येते. ती फुटते, पातळ स्राव येतो, नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही. कधी एकाच पोर्टला, कधी दोन-तीन पोर्टना. ताप बहुधा नसतो, पेशंट हिंडता-फिरता असतो, म्हणून कोणी फारसं मनावर घेत नाही. मामीचं अगदी असंच होतं.

या दुसऱ्या प्रकारामागे बऱ्याचदा 'अटिपिकल मायकोबॅक्टेरिया' नावाचे जंतू असतात. मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, किलोनी, अॅब्सेसस ही त्यांची नावं. टीबीच्या जंतूचे हे चुलतभाऊ. पण दोन मोठे फरक आहेत. एक, हे साधारणपणे माणसाकडून माणसाला होत नाहीत. ते राहतात पाण्यात आणि मातीत. नळाच्या पाण्यातसुद्धा असतात, कारण त्यांच्या अंगावर मेणासारखं आवरण असतं आणि पाण्यात टाकतात तेवढ्या क्लोरीनने ते मरत नाहीत. दोन, टीबीची नेहमीची औषधं त्यांच्यावर बहुतेक चालत नाहीत.

ते पाणी प्यायल्याने किंवा त्याने अंघोळ केल्याने निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. तेच पाणी हत्याराच्या टोकावर बसून त्वचेखालच्या चरबीत जाऊन पोचलं की गोष्ट वेगळी होते.

पाणी आत जातं कसं?

इथून आपला सिलॅबस सुरू होतो.

मराठीत आपण 'निर्जंतुकीकरण' हा एकच शब्द सगळ्याला वापरतो. इंग्रजीत शिकलेल्यांना दोन शब्द माहीत असतात, स्टरिलायझेशन आणि डिसइन्फेक्शन. हे दोन वेगळे आहेत. स्टरिलायझेशन म्हणजे सगळे जंतू आणि त्यांचे चिवट बीजाणूसुद्धा संपवणं. डिसइन्फेक्शन म्हणजे बहुतेक जंतू मारणं, पण सगळ्यात चिवट असलेले उरू शकतात. अर्ल स्पॉल्डिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने गेल्या शतकातच साधा नियम घालून दिला. जे हत्यार शरीराच्या आत, एरवी निर्जंतुक असलेल्या भागात जातं, ते स्टरिलाइज झालंच पाहिजे. जे नुसतं त्वचेला लागतं, त्याला साधी स्वच्छता चालते. या नियमाने दुर्बिणीची हत्यारं पहिल्या गटात येतात.

स्टरिलायझेशनचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे ऑटोक्लेव्ह, आपल्या कुकरचा थोरला भाऊ. १५ पौंड दाबाला वाफेचं तापमान १२१ अंश सेल्सिअस होतं. पण अट आहे. आतली सगळी हवा बाहेर गेली पाहिजे. हवा अर्धीच निघाली तर काटा १५ पौंडच दाखवतो, पण तापमान ११२ अंशांच्या आसपास राहतं. डाल्टनचा आंशिक दाबाचा नियम आठवा. काटा एकूण दाब दाखवतो, त्यातला वाफेचा वाटा किती हे त्याला कळत नाही. म्हणून नुसता दाबाचा काटा बघून 'झालं' म्हणता येत नाही. तापमान, वेळ, आणि उष्णतेला चिवट असलेल्या बीजाणूंची चाचणी, हे तिन्ही लागतं.

जंतू मरण्याचं गणितही आपल्या ओळखीचं आहे. कपॅसिटर डिस्चार्ज होतो तसेच ते घातांकी पद्धतीने कमी होतात. समजा एखाद्या बीजाणूचे दर दोन मिनिटांना दहातले नऊ मरतात. हत्यारावर सुरुवातीला दहा लाख असतील तर १२ मिनिटांनी सरासरी एक उरेल. तो एकही उरण्याची शक्यता दहा लाखांत एक इतकी खाली आणायची तर आणखी १२ मिनिटं, म्हणजे एकूण २४. आता हत्यार नीट धुतलेलंच नाही आणि सुरुवात दहा लाखांऐवजी शंभर कोटींपासून झाली, तर तीच वेळ अपुरी पडते. शिवाय वाळलेल्या रक्ताच्या आत दडलेल्या जंतूपर्यंत वाफ किंवा औषध पोचतही नाही. मेसच्या डब्याला वाळलेली आमटी नुसत्या गरम पाण्याने जाते का? घासावीच लागते. म्हणून आधी धुणं, मग निर्जंतुक करणं, हा क्रम मोडून चालत नाही.

मग सगळं ऑटोक्लेव्हमध्येच का टाकत नाहीत? कारण जुन्या दुर्बिणींच्या भिंगांचे सांधे आणि हत्यारांवरचं इन्सुलेशन ती उष्णता सहन करत नसे. ऑटोक्लेव्ह चालेल अशा दुर्बिणी आता मिळतात, पण त्या महाग. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी सोपी वाट निघाली. २ टक्के ग्लुटारअल्डिहाइडच्या द्रावणात हत्यारं २० मिनिटं बुडवायची, काढायची, पाण्याने विसळायची आणि पुढच्या पेशंटला वापरायची.

या वाटेत चार खड्डे आहेत.

पहिला, २० मिनिटांत होतं ते डिसइन्फेक्शन. याच द्रावणाने स्टरिलायझेशन करायचं तर साधारण १० तास लागतात.

दुसरा, हे औषध प्रथिनं घट्ट करतं. हत्यार न धुता बुडवलं तर त्यावरचं रक्त तिथेच पक्कं चिकटतं आणि आतल्या जंतूंना चिलखत मिळतं.

तिसरा, द्रावण जुनं होतं. एकदा तयार केलं की बहुतेक प्रकारांची मुदत १४ दिवस असते, आणि ओली हत्यारं बुडवून बुडवून ते त्याआधीच पातळ होतं. तारीख आणि तीव्रता कोणी तपासली नाही तर तो नुसता वासाचा टब राहतो.

चौथा खड्डा सगळ्यात फसवा. हे औषध पेशंटच्या पोटात जाऊ नये म्हणून हत्यारं बाहेर काढून विसळावीच लागतात. कशाने? निर्जंतुक पाण्याने. पण ते संपलं, किंवा ट्रेमधलं 'उकळून गार केलेलं' पाणी सकाळपासून उघडं पडलंय, किंवा सरळ नळ सोडला, तर नुकतं स्वच्छ केलेलं हत्यार आपण स्वतःच पाण्यातल्या मायकोबॅक्टेरियात बुडवून काढतो.

हे नुसतं तर्काने लिहीत नाहीये. भारतातल्याच एका हॉस्पिटलमध्ये काही आठवड्यांत अनेक पेशंटच्या पोर्टमध्ये मायकोबॅक्टेरियम किलोनी सापडला. सर्जननी शोध घेतला तेव्हा मूळ निघालं ते हत्यारं विसळायच्या पाण्यात. त्यांनी हे २००६ साली उघडपणे छापलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. ब्राझीलमध्ये २००४ ते २००८ या काळात तर हजारावर लोकांना दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर असं इन्फेक्शन झालं. तिथे पसरलेली मायकोबॅक्टेरियम अॅब्सेससची जात २ टक्के ग्लुटारअल्डिहाइडलाही दाद देत नव्हती.

सायकल टाइमचं गणित

इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये आपण सायकल टाइम काढतो. तो इथे काढून बघा. ऑपरेशनला अर्धा तास धरा. हत्यार सुटं करून घासायला १५ मिनिटं, बुडवायला २०, विसळून वाळवायला १०, परत जोडायला ५. दुर्बिणीचा संच एकच असेल तर एका पेशंटमागे ८० मिनिटं. आठ तासांत जेमतेम सहा ऑपरेशनं होतात. यादीत दहा नावं असतील तर वेळ कुठून निघणार? ऑपरेशनमधून निघत नाही. तो निघतो घासण्यातून आणि बुडवण्यातून. इथे कोणाचा हेतू वाईट नसतो, पण यादीच तशी लावलेली असते.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात झालेलं कुटुंब नियोजन शिबिर. आपल्याकडे ज्याला 'बिनटाक्याचं ऑपरेशन' म्हणतात ते दुर्बिणीनेच होतं. तिथे एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली आणि त्यातल्या अनेक जणी दगावल्या. कारण इन्फेक्शन की भेसळीच्या गोळ्या, यावर पुष्कळ वाद झाला. पण सरकारचाच नियम एका टीमने दिवसाला जास्तीत जास्त ३० ऑपरेशनं करावीत आणि त्यासाठी तीन दुर्बिणी असाव्यात असा होता, हे कोणी नाकारलं नाही. २०१६ साली सुप्रीम कोर्टाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. ३० ला तीन दुर्बिणी, हा नियम सायकल टाइमच्या गणितातूनच येतो.

उपचार: आधी ओळख, मग औषध

आता पुन्हा मामीकडे. जूनमध्ये एका ठिकाणी तिला टीबीची औषधं सुरू करा असं सुचवलं गेलं. असं का होतं, हे समजण्यासारखं आहे. मायक्रोस्कोपखाली दोघे भाऊ सारखेच दिसतात, आणि गाठीच्या तुकड्याच्या तपासणीतही टीबीसारखंच चित्र येतं. म्हणून जंतू वाढवून त्याचं नाव शोधणं गरजेचं असतं. नुसत्या कापसाच्या बोळ्यावर घेतलेला पू पुरत नाही. गाठीतला पू किंवा तुकडा घेऊन लॅबला 'मायकोबॅक्टेरियाचं कल्चर करा' असं लिहून द्यावं लागतं. टीबीसाठी होणारी जलद चाचणी फक्त टीबीचा जंतू शोधते. ती निगेटिव्ह आली म्हणजे हे भाऊबंद नाहीत असं सिद्ध होत नाही. टीबीचा जंतू वाढायला कित्येक आठवडे लागतात, हे मात्र बहुधा आठवडाभरात वाढतात.

मामीच्या कल्चरमध्ये मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम आला. कोणती औषधं लागू पडतील याची चाचणी झाली आणि त्याप्रमाणे दोन औषधं एकदम सुरू झाली. या जंतूंसाठी क्लॅरिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, अमिकासिन, लिनेझोलिड यांपैकी जी चालतील ती जोडीने देतात, कारण एकटं औषध दिलं तर जंतू त्याला सरावतो. कोर्स दिवसांचा नसतो, महिन्यांचा असतो. अमिकासिनसारख्या इंजेक्शनमध्ये किडनी आणि कानांवर लक्ष ठेवावं लागतं. म्हणून ही नावं वाचून कोणी मेडिकलच्या दुकानात जाऊ नये, एवढीच विनंती. गाठीपासून आत गेलेली वाट जुनी आणि घट्ट झाली असेल तर ती मुळासकट कापूनही काढतात. मामीची ऑगस्टमध्ये काढली. दिवाळीपर्यंत जखम कायमची भरली.

तो जंतू नेमका कुठून आला, हे आता कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण तो भातातून आला नाही, हे डॉक्टरांनी आजीला समोर बसवून सांगितलं. भाताने पू होत नाही. उलट जखम भरायला प्रथिनं लागतात, म्हणजे डाळ, दूध, दही, अंडी, मासे. आणि हेच आपण पथ्याच्या नावाखाली पेशंटच्या ताटातून काढून घेतो.

आपण काय करायचं?

ऑपरेशनच्या आधी:

• आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी साबण लावून अंघोळ करा. बेंबी आतून नीट स्वच्छ करा. तिथेच पहिलं भोक पडतं.

• घरी ब्लेडने केस काढू नका. ब्लेडने त्वचेवर बारीक जखमा होतात आणि जंतूंना दार मिळतं. गरजच असेल तर हॉस्पिटलमध्ये क्लिपरने काढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालच्या सूचनांमध्ये हे स्पष्ट सांगितलंय.

• साखर असेल तर ती आटोक्यात आणा. सिगरेट, विडी, तंबाखू आणि हो, मिश्रीसुद्धा शक्य तितक्या आधीपासून बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी मिळतं.

• अँटिबायोटिकची गरज असेल तर ते चिरा देण्याच्या आधी, दोन तासांच्या आत देतात. ऑपरेशननंतर 'खबरदारी म्हणून' आठ दिवस गोळ्या घेण्याचा हट्ट आपण धरू नये. त्याने पू टळत नाही, जंतू मात्र हुशार होतात.

ऑपरेशनच्या नंतर:

• पहिले दोन दिवस पट्टी कोरडी ठेवा. अंघोळ कधी करायची ते डॉक्टरांना विचारून ठेवा. जखमेला हात लावण्याआधी हात साबणाने धुवा.

• हळद, राख, तेल, पावडर, पाल्याचा रस यातलं काहीही जखमेवर लावू नका. हळद भाजीत टाका.

• जखम पक्की भरेपर्यंत शेताच्या चिखलात, ओढ्यात, विहिरीत उतरू नका. हॉस्टेलवाल्यांनी स्विमिंग टँकही विसरा.

• जोराचा ताप, पोटात वाढत जाणारं दुखणं, उलट्या, पोट फुगणं किंवा डोळे पिवळे दिसणं यातलं काही झालं तर थांबू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ती नुसती वरची जखम नसते.

• महिन्याने, दोन महिन्यांनी पोर्टच्या जागी गाठ किंवा ओल आली तर ऑपरेशन केलेल्या सर्जनकडेच परत जा, आणि डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या. दोनदा अँटिबायोटिक घेऊनही थांबत नसेल तर 'मायकोबॅक्टेरियाचं कल्चर करायचं का?' हा प्रश्न स्वतः विचारा.

विचारायला लाजायचं कशाला?

ऑपरेशन ठरलेलं असेल तेव्हा आपण खर्च विचारतो, रूम विचारतो, व्हिजिटिंग अवर्स विचारतो. तीन प्रश्न अजून विचारायला हरकत नाही. हत्यारं ऑटोक्लेव्ह करता, की गॅस किंवा प्लाझ्मा स्टरिलायझेशन, की द्रावणात बुडवता? बुडवत असाल तर किती वेळ, आणि विसळता कशाने? पित्ताशय किंवा अपेंडिक्स बाहेर काढताना पिशवीत घालून काढता का? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण पू झालेला अवयव तसाच भोकातून ओढला तर त्यातली घाण त्या जखमेला लागते. महागडी पिशवी नसेल तर आपले बरेच सर्जन निर्जंतुक हातमोज्याचीच पिशवी करतात, आणि ती छान चालते. 'डॉक्टर, आम्हाला माहिती हवी होती म्हणून विचारतोय' असं नम्रपणे म्हटलं तर चांगला डॉक्टर चिडत नाही.

आणि एक गोष्ट आपल्यासाठी, इंजिनिअर होणाऱ्यांसाठी. सर्जनचं नाव बोर्डवर असतं. पण ही जखम भरणार की चिघळणार, हे पुष्कळदा ठरतं ते ऑपरेशन थिएटरच्या मागच्या खोलीत, सिंकपाशी उभ्या असलेल्या टेक्निशियनच्या, मावशीच्या किंवा मामाच्या हातात. त्यांना ब्रश योग्य मापाचा मिळाला का, हत्यार पूर्ण सुटं होतं का, द्रावणाची तारीख डोळ्यासमोर लिहिली आहे का, दोन केसमध्ये त्यांना तेवढी मिनिटं मिळतात का? सहज सुटं होणारं आणि उष्णता सहन करणारं हत्यार, परवडणारा छोटा ऑटोक्लेव्ह, नळीच्या आतला ओलावा दाखवणारा साधा सेन्सर, हे सगळे प्रोजेक्टचे विषय आहेत. फायनल इयरला दर वर्षी तीच ती ऑटोमॅटिक गेटं आणि लाइन फॉलोअर करण्यापेक्षा एखाद्या ग्रुपने भोरच्या किंवा आपल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन, परवानगी घेऊन, त्या सिंकपाशी अर्धा दिवस उभं राहून बघावं. तिथे काम भरपूर आहे.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल